वर्गणीदार

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे एक खेडे आहे. मुकुंदराव पाटील नावाच्या गृहस्थांनी त्या खेड्यातून 'दीनमित्र' हे साप्ताहिक चालविले. आणि तेही वर्ष-दोन वर्षे हौसेखातर चालविले असे नाही, तर १९१० च्या नोव्हेंबरात, तरवडीस येण्याआधी, सोमठाणे येथून त्याचा पहिला अंक निघाला तेव्हापासून १९६७ च्या डिसेंबरात त्यांचा देह पडला तोपर्यंत, म्हणजे तब्बल सत्तावन्न वर्षे, चालविले. वृत्तपत्र ही मुंबई-पुण्याची वस्तू, तिथे छापून ती खेड्यात यावयाची आणि खेड्याने ती वाचून धन्य व्हावयाचे, अशी समजूत ज्या काळी शिक्षितांच्या मनात पक्की होती, त्या काळी एका पाटलाने आपल्या गावात बसून खेड्याची बातमी खेड्याच्या नजरेने लिहावी, ही घटना महाराष्ट्राच्या पत्रकारितेच्या इतिहासात जेवढ्या ठळकपणे सांगितली जावयास हवी तेवढी ती सांगितली जात नाही, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे.

मुकुंदराव हे मूळचे कृष्णराव भालेकरांचे पुत्र. पाटील घराण्यात ते दत्तक गेले. भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' काढले, ते सत्यशोधक विचारांचे आद्य वृत्तपत्र होय. परंतु पैशाच्या ओढगस्तीने तीन-साडेतीन वर्षांत ते त्यांच्या हातून सुटले आणि पुढे गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून ज्यांचे नाव झाले त्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० साली ते मुंबईस नेऊन जगविले. वडिलांच्या हातून वृत्तपत्र कशामुळे निसटले हे ठाऊक असूनही पुत्राने तोच मार्ग धरला, याचे कारण मुकुंदरावांच्या डोळ्यांसमोर असलेल्या गावगाड्यात शोधावे लागते. कुळकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिले आहे, सावकाराच्या खात्यावर मुद्दल किती आणि व्याज किती, गावच्या देवस्थानाच्या उत्पन्नाचा जमाखर्च कोण ठेवतो, हे प्रश्न ज्याच्या अंगाशी भिडलेले असत त्या शेतकऱ्याला ते विचारण्याची सोय नव्हती, आणि ज्याला विचारता आले असते त्याला ते विचारण्याची गरज नव्हती. 'कुळकर्णी लीलामृत' हे त्यांचे १९१३ सालचे पुस्तक याच अनुभवातून उतरले. दूरच्या संपादकाला कुळकर्णी हा एक नमुना असतो; गावच्या संपादकाला तो उद्या सकाळी पाराजवळ भेटणारा माणूस असतो. स्थानिक पत्रकारितेचे सारे सामर्थ्य आणि तिची सारी जोखीम या एका फरकात सामावलेली आहे.

आता असे पत्र जगते कशावर, हा या लेखाचा खरा विषय आहे. वृत्तपत्राच्या एका प्रतीला कागद, शाई, जुळणी, छपाई, टपाल हशील आणि माणसांचे पगार मिळून जो खर्च येतो, त्याहून प्रतीची किंमत बहुधा कमीच ठेवावी लागते. मधली तूट कोणी तरी भरून काढीत असतो, आणि तो कोण हे कळले म्हणजे त्या पत्राच्या स्वातंत्र्याची सीमा कुठे आहे हे बव्हंशी कळते. जाहिरातदार ती तूट भरतो, सरकार भरते, एखादा पक्ष वा धनिक भरतो, किंवा संपादक आपल्या घरादाराला तोशीस देऊन स्वतः भरतो. यांपैकी प्रत्येकाच्या पैशाला काही ना काही वजन असते. समजा, एखाद्या तालुक्याच्या साप्ताहिकाला वर्षाला तीनशे रुपये देणारे दोन हजार वर्गणीदार आहेत. तर त्याच्या तिजोरीत सहा लाख रुपये जमा होतात आणि एखादा वर्गणीदार बातमीवर रागावून निघून गेला तर तीनशे रुपयांचे नुकसान होते, जे कोणत्याही संपादकाला सोसण्याजोगे आहे. तेच सहा लाख रुपये चार ठेकेदारांच्या जाहिरातींतून येत असतील, तर त्यांतला एक रागावला की पत्राचा चौथा हिस्सा निखळतो. रक्कम तीच; पण पहिल्या पत्राचा संपादक रात्री स्वस्थ झोपतो आणि दुसऱ्याचा संपादक बातमी छापण्यापूर्वी चार नावे मनात घोळवितो.

सरकारी जाहिरातींची गोष्ट थोडी निराळी आहे. निविदा, जाहीर नोटिसा, भूसंपादनाच्या सूचना या लोकांपर्यंत पोचाव्यात म्हणून शासन वृत्तपत्रांना जाहिराती देते, त्यासाठी मान्यताप्राप्त पत्रांची यादी ठेवते आणि खपाप्रमाणे त्यांची प्रतवारी लावते. व्यवस्था म्हणून यात गैर काही नाही. लहान पत्राला तो मोठाच आधार असतो. परंतु ज्या कचेरीच्या कारभाराची झडती घ्यावयाची, तिच्याकडूनच देयक मंजूर व्हावयाचे असले आणि ते देयक महिनोन्‌महिने तुंबून राहिलेले असले, की संपादकाच्या लेखणीला न सांगताही लगाम बसतो. कोणी हुकूम काढावा लागत नाही, कोणी धमकी द्यावी लागत नाही.

या प्रश्नाचा मराठीतील सर्वांत स्पष्ट विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला आहे, असे मला वाटते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते; तरीही १९२३ साली ते बंद पडले. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, आणि वर्ष सरता सरता १९२८ च्या आरंभी बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या मथळ्याचा अग्रलेख लिहिला. अंकाचे रकानेच्या रकाने एकट्याने, कसलाही मोबदला न घेता भरून काढणारा हा संपादक समाजाला तेथे दान मागत नाही. तो ऋणाची आठवण करून देतो. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, ऋण फेडावेच लागते. ज्याच्यासाठी पत्र बोलते त्याने त्याचा खर्च उचलणे हे उपकाराचे कृत्य नसून व्यवहाराची पूर्तता आहे, हा त्या मथळ्याचा अर्थ मी घेतो. आणि दारिद्र्याने पिचलेल्या समाजाकडे ही मागणी करताना त्या लेखणीला संकोच झाला नाही, कारण तो समाज आपल्या पायांवर उभे असलेले पत्र निर्माण करू शकेल यावर तिचा विश्वास होता. 'बहिष्कृत भारत'ही १९२९ साली थांबले. पण 'जनता' निघाले, आणि त्याचेच पुढे १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' झाले.

स्वातंत्र्यानंतर लहान पत्रांच्या रक्षणाचा विचार सरकारनेही केला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या वृत्तपत्र आयोगाने असे पाहिले, की मोठ्या भांडवलाची दैनिके थोड्या किमतीत पुष्कळ पाने देऊ शकतात आणि त्यामुळे लहान पत्रांचा वाचक ओढला जातो. सबब पानांच्या संख्येप्रमाणे किमान किंमत ठरवून द्यावी अशी शिफारस आयोगाने केली. तिच्या आधाराने १९५६ चा कायदा झाला आणि १९६० साली आदेश निघाला. त्या आदेशाला आव्हान दिले ते पुण्याच्या 'सकाळ'ने. डॉ. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी काढलेले हे दैनिक त्या वेळी देशव्यापी भांडवलदारांचे नव्हते. ते पुण्याच्या परिसरातील बातमीवर वाढलेले, प्रांताच्या बेताचे पत्र होते. सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरविले. पत्र किती लोकांपर्यंत पोचावे हाही भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्याच्या वाणीवर मर्यादा घालता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल मला योग्यच वाटतो. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की लहान पत्राला मोठ्याच्या स्पर्धेपासून कायद्याचे कुंपण मिळण्याचा तो मार्ग बंद झाला, आणि प्रश्न पुन्हा वाचकाच्या दारात येऊन उभा राहिला.

वाचकाने दार उघडले नाही तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतून द्यावे लागते, कारण तिकडे स्थानिक पत्रे गेल्या वीस वर्षांत शेकड्यांनी नव्हे, हजारांनी बंद पडली आणि त्यांच्या अभावाचा अभ्यासही झाला. लॉस एंजेलिसजवळ बेल नावाचे सुमारे पस्तीस-छत्तीस हजार वस्तीचे, कष्टकऱ्यांचे, गरीब शहर आहे. त्याचे स्वतःचे वृत्तपत्र उरलेले नव्हते. २००५ साली तिथे नगरकारभाराची सनद बदलण्यासाठी मतदान झाले. त्यात सुमारे चारशे मते पडली, आणि त्या बदलामुळे नगरसेवकांच्या मानधनावरील राज्याची मर्यादा सुटली. पुढे त्या शहराच्या मुख्य प्रशासकाचा पगार वाढत वाढत वर्षाला पावणेआठ लाख डॉलरांच्या वर गेला, म्हणजे देशाच्या अध्यक्षाच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट झाला. हे सारे सभांमध्ये, ठरावांनी, कागदोपत्री होत होते; त्या सभेत वही घेऊन बसणारा माणूस तेवढा नव्हता. २०१० साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे बातमीदार शेजारच्या गावाची चौकशी करीत असताना या शहराकडे वळले आणि प्रकरण उघडकीस आले; त्या पत्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि प्रशासकाला बारा वर्षांची शिक्षा झाली. पण मधल्या पाच वर्षांचा कर नागरिकांनी भरला होता. तिकडच्याच तीन अर्थशास्त्रज्ञांनी असेही दाखविले आहे, की ज्या भागातले वृत्तपत्र बंद पडते तिथल्या स्थानिक संस्थांना कर्जरोख्यांवर शेकडा ०.०५ ते ०.११ इतके जादा व्याज मोजावे लागते. नजर ठेवणारा नाहीसा झाला याची किंमत सावकारालाही कळते.

आपल्याकडे वही घेऊन बसणाऱ्या माणसाला दुसरेच मोल द्यावे लागते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे 'महानगरी टाइम्स'चे पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या दुचाकीवर गाडी घालण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. कोकणातील तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी ते लिहीत असत, आणि त्या दिवशी सकाळीच त्यासंबंधीची त्यांची बातमी प्रसिद्ध झाली होती. पत्रकारांवरील हल्ल्यांच्या प्रतिबंधासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ सालीच कायदा संमत केला आहे, आणि असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण कायदा घटनेनंतर धावतो. गावात आपल्या मागे हजार-दोन हजार घरे उभी आहेत हे ज्याला ठाऊक असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्यावर दात धरणाऱ्यालाही ठाऊक असते, तो पत्रकार एकाकी राहत नाही. वर्गणीचे हे मोल जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही.

लहान ते सारे चांगले, असे मात्र कोणी समजू नये. केवळ सरकारी जाहिरातींच्या यादीत नाव राहावे म्हणून निघणारी, मोजक्याच प्रती छापून हजारोंचा खप दाखविणारी पत्रे आहेत. बातमी छापण्यापेक्षा न छापण्याची किंमत वसूल करणारीही आहेत. आणि मोठ्यांची अब्रूही या बाबतीत शाबूत नाही: २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच पुढाऱ्याची एकच स्तुती वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखी कशी छापली गेली, हे पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले आणि 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्दप्रयोग घरोघर पोचला. वर्गणी द्यावयाच्या पत्राची पारख करताना मी स्वतः तीन गोष्टी पाहतो. चूक झाली असता ते दुरुस्ती छापते काय, आणि छापते तर कोणत्या पानावर. ज्याची जाहिरात आहे त्याच्याविरुद्धची बातमी त्यात कधी आली आहे काय. आणि नगरपालिकेच्या किंवा पंचायत समितीच्या सभेचा वृत्तांत वाचून सभेत बातमीदार हजर होता असे वाटते, की कचेरीने धाडलेले प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे उतरविले आहे असे वाटते. या कसोट्यांना उतरणारे पत्र आपल्या तालुक्यात असेल, कागदावर निघो की हल्लीच्या रीतीने भ्रमणध्वनीवर येवो, तर त्याची वर्गणी मुदत संपण्यापूर्वी भरावी, अंक शेजाऱ्याला फुकट वाचावयास देण्याऐवजी शेजाऱ्यालाही वर्गणीदार करावे, आणि आपल्या नातलगाची बातमी आली म्हणून ती दाबण्यासाठी संपादकाच्या घरी जाऊ नये. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावी असे एक चार पानी साप्ताहिक निघत असे. संपादक पूर्वाश्रमीचे शिक्षक. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे. बाजारपेठेच्या मागच्या बोळात त्यांचा छापखाना होता. दारातून आत गेले की शाईचा आणि रॉकेलचा मिश्र वास येई. खिडकीपाशी जुळारी उभ्याने खणांतून खिळे वेचीत असे, त्याच्या बोटांची पेरे कायमची काळी झालेली होती, आणि पायाने चालणारे ट्रेडल यंत्र एका संथ तालात कागद घेई आणि टाकी. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापून जे मिळे त्यावर साप्ताहिक चाले. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेला मास्तर मागच्या बाकावर बसत, आणि कोण काय बोलले याच्याइतकेच कोण बोलले नाही हेही टिपून ठेवीत. पाण्याच्या टाकीच्या कामाचा ठेका निघाला तेव्हा आलेल्या तिन्ही निविदांच्या रकमा त्यांनी एका चौकटीत शेजारी शेजारी छापल्या. टीका एका शब्दाची केली नाही. त्या रकमा पाहून गावात चर्चा सुरू झाली. अंक छापला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी एक गृहस्थ छापखान्यात आले होते, तेव्हा मी वडिलांबरोबर तिथे होतो.

"मास्तर, तेवढी चौकट पुढच्या आठवड्यावर ढकला," ते म्हणाले. "तुमचं काही नुकसान होऊ देत नाही."

"पुढच्या आठवड्याला पुढच्या आठवड्याची बातमी असते," मास्तरांनी मुद्रितावरची नजर न काढता सांगितले.

पुढचे कित्येक महिने साप्ताहिक दोनच पानांचे निघाले, कारण जाहिराती आटल्या होत्या. गावात मास्तरांचे कौतुक पुष्कळ झाले, चहाच्या दुकानात चौकटीचा विषय उन्हाळाभर पुरला. नव्या वर्गणीदारांची संख्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी होती. मास्तर गेल्यावर साप्ताहिकही थांबले. गावात त्यानंतर सभा झाल्या, ठराव झाले, टाकी पाडून दुसरी टाकी बांधली गेली; त्यांपैकी कशाचाही वृत्तांत कुठे मिळत नाही. जुन्या टाकीचे सारे प्रकरण मात्र आजही वाचता येते, कारण नगर वाचनालयात त्या साप्ताहिकाच्या बांधीव फायली आहेत, आणि मध्यंतरी पाणीपट्टीचा वाद निघाला तेव्हा वकील मंडळी तीच चौकट उतरवून घेण्यासाठी तिथे आली होती.

त्या फायलींच्या बरोबर मास्तरांच्या घरच्यांनी त्यांची वर्गणीची वहीही वाचनालयाला दिली आहे. लाल कापडी पाठीची लांबट वही. डाव्या हाताला नाव आणि पत्ता, पुढे एकेका वर्षाचा रकाना, त्यात पावतीचा क्रमांक आणि तारीख. ग्रंथपालांनी ती माझ्यापुढे ठेवली तेव्हा मी साहजिकच आमचे नाव शोधले. वडील हयात होते तोवरचे सारे रकाने भरलेले आहेत, आणि प्रत्येक तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली आहे. त्यानंतर घराचा कारभार माझ्याकडे आला. अंक पूर्वीसारखाच येत राहिला, मी तो वाचीतही होतो. वहीत आमच्या नावापुढचे शेवटचे दोन रकाने कोरे आहेत.